झेपेल तेवढंच

आमच्या शाळेला 'शून्य-दरी' पुरस्कार मिळाला त्या दिवशी मी इतकी वैतागले होते की हंचाटे सरांनी पुढे केलेला पेढा मी घेतलाच नाही.

शून्य-दरी म्हणजे काय, तर गरिबाघरची पोरं आणि खात्यापित्या घरची पोरं यांच्या वाचनात-गणितात जो फरक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो आमच्या शाळेत म्हणे उरलाच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली महापालिकेची शाळा. पोरं सगळी यंत्रमागावर जाणाऱ्यांची, घरी टॉवेल शिवणाऱ्यांची. आणि पडद्यावर आकडा झळकतोय, शंभर टक्के प्रगत! टाळ्या काय, हार काय, फेटे काय. मी चौथीची वर्गशिक्षिका. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना जोडाक्षर दिसलं की घाम फुटतो, हे मला माहीत होतं आणि मुख्याध्यापक म्हणून हंचाटे सरांनाही माहीत होतं.

"बिराजदार बाई, चेहरा जरा हसरा ठेवा की. फोटो काढायलेत."

"कशाचा फोटो, सर? वाचता न येणाऱ्या प्रगत मुलांचा?"

"तुमचं म्हणजे ना, देवानं जरी दिलं तरी तुम्ही पिशवी तपासून घेणार," असं म्हणून ते फेटा सावरत पुढे गेले. मी चिडकी आहे असं शाळेत सगळे म्हणतात. म्हणू देत. चिडण्यासारखं असलं की मी चिडते.

त्याच दुपारी पद्मा मादगुंडी आली. टॉवेलांना मशिनीवर दुमडपट्टी घालायचं काम घरी करते. नवरा भिवंडीला. तिची अखिला माझ्या वर्गात. पद्मा कधी शाळेत फिरकायची नाही, पण आज नवी साडी नेसून आली होती आणि अखिलाला पुढे ढकलत होती.

"बाई, माझी अखिला प्रगत आली म्हणून शाळेचा मशीन सांगितला. आता तिला ते मोठ्या शाळेला घालायचं."

मोठी शाळा म्हणजे शहराबाहेर नवी झालेली सरकारी निवासी शाळा. पाचवी ते बारावी, राहणं-खाणं फुकट, प्रयोगशाळा, मैदान. तिथून बाहेर पडलेलं पोर पुन्हा टॉवेल शिवायला बसत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. प्रवेशाला मात्र फेब्रुवारीत कागदावरची परीक्षा, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका.

मी अखिलाला भिंतीपाशी नेलं. आरोग्य खात्याचं डासांबद्दलचं पत्रक तिथं चिकटवलेलं होतं. म्हटलं, वाच बघू. पोरगी चुणचुणीत, डोळे नुसते लकलकतात. तिनं जोरात सुरुवात केली, दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली. मग तिनं काय करावं? त्या शब्दावर बोट टेकवलं आणि वाट बघत उभी राहिली.

वर्गातल्या टॅबवर असंच होतं. अडलेल्या शब्दाला बोट लावलं की वाक्य फुटतं, सोपं होतं, आणि तरी नाही जमलं तर चित्र येतं. अखिलानं पत्रकावर बोट आणखी दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हे बंद आहे."

पद्मा मागे उभी राहून हसत होती. तिला मराठी वाचता येत नाही. पोरीनं बोट ठेवलं म्हणजे वाचून झालं, असं तिला वाटलं असावं. माझं डोकं तापलं.

डोकं तापलं की ते निवायची माझी जागा म्हणजे घर. आमचे हे, मल्लिनाथ, याच टॅबच्या प्रकल्पाचे जिल्ह्याचे तंत्रसमन्वयक. जेवताना मी सुरुवात केली तसा त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"शैला, आज पुरस्कार मिळालाय तुमच्या शाळेला. आज तरी नको."

"आजच. मला सांगा, ज्या पोरीला चार ओळी वाचता येत नाहीत ती प्रगत कशी?"

मग त्यांनी मला शंभराव्यांदा समजावलं. ते समजावतात छान, हे कबूल. माणसाच्या मेंदूत एका वेळी फार थोडं मावतं. नव्यानं वाचणारं मूल 'स्वच्छता' हा शब्द फोडायला बसलं की ती सगळी जागा तिथंच खर्च होते आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यात पोट रिकामं असेल, झोप अपुरी असेल, कानाशी मशीन घरघरत असेल, तर ती जागा मुळातच कमी. डोक्यावर ताण आला की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. बाकावरचा टॅब, त्याचं नाव 'सोबती', हे बाहुलीचं मोठं होणं कॅमेऱ्यानं टिपतो आणि मूल दमायच्या आत धडा सोपा करतो.

इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. हुशार यंत्र आहे. पण त्याला एक भाऊ आहे, 'कानोसा'. जांभळाएवढी चकती, प्रत्येक मुलाच्या घरी भिंतीला लावलेली. ती बोलणं साठवत नाही, फक्त मोजते. मुलाशी घरात कोण किती बोलतं, किती उत्तर-प्रत्युत्तर होतं, गोंगाट किती, झोप किती. कारण ज्या घरात मुलाशी भरपूर बोललं जातं तिथलं मूल लवकर वाचतं, हे जगभर दिसून आलेलं. कानोशाच्या आकड्यांवरून सोबती ठरवतो की या घरातल्या मुलाकडून अपेक्षा किती ठेवायची. मूल तिथं पोचलं की प्रगत.

"म्हणजे ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, ते नुसतं बाकावर बसलं तरी प्रगत!"

"तसं नाही गं. प्रत्येकाला झेपेल तेवढंच द्यायचं. आपल्या लहानपणी मास्तर सगळ्यांना एकच धडा द्यायचे आणि निम्मी पोरं रडत शाळा सोडायची. आता कोणी रडत नाही, कोणी शाळा सोडत नाही. हे काय कमी आहे?"

हे कमी नव्हतं. म्हणून तर मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "आणि मोठ्या शाळेच्या परीक्षेत? तिथं कोण सोपं करून देणार आहे?" ते उठून हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी मी पद्माच्या घरी गेले. खरं सांगायला गेले होते की तुमची पोरगी मागे आहे, परीक्षेच्या आत नेटानं शिकवायला हवं. दारातच कानठळ्या बसल्या. टीव्हीवर मराठी मालिका मोठ्यांदा लावलेली. पद्मा मशिनीपाशी, मशीन बंद, हातात सुई घेऊन टॉवेल दुमडत होती. अखिला कोपऱ्यात. दोघी एकमेकींकडे बघून खाणाखुणा करत होत्या. पद्मानं मला बघून ओठांवर बोट ठेवलं, भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर कानोसा, त्याला हळदकुंकू लावलेलं.

तिला हाताला धरून मी बाहेर ओट्यावर आणलं. म्हटलं, काय चाललंय हे?

"बाई, ते मशीनवाले फोनमध्ये दर आठवड्याला सांगतात, घरात मुलासंगं मराठी बोला, जास्त बोला म्हणून. मला कुठं येतंय तुमच्यासारखा मराठी? आमचं तेलुगू. तेलुगू बोलले की मार्क कमी येतात. म्हणून मी तोंडच बंद केले. टीव्ही बोलतोय की सकाळपासून. शुद्ध मराठी."

"आणि मशीन का बंद?"

"आवाज झाला की मार्क जातंय. हातानंच करते. काम होत नाही तेवढा, पण पोरीचं बघायला पाहिजे की."

"कधीपासून गप्प आहात तुम्ही?"

"दिवाळीच्या आधीपासून," पद्मा म्हणाली. "आधी लई बोलत होते मी, बाई. गोष्टी सांगत होते, गाणं म्हणत होते. अखिला म्हणायची, अम्मा, आता पुरे."

मी ओट्यावर बसूनच राहिले. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. घरी पोचल्यावर अर्थातच तो मल्लिनाथवर निघाला.

"तुमच्या त्या बहिऱ्या चकतीला तेलुगू का कळत नाही?"

"कळते. पुस्तकी तेलुगू कळते. आपल्याकडची मराठी-कानडी मिसळलेली आहे, ती अजून शिकवलेली नाही. जे ओळखू येत नाही ते कानोसा मागाच्या खडखडाटात धरतो. पुढच्या टप्प्यात होणार आहे ते."

"पुढच्या टप्प्यात अखिला कुठं असेल? आणि तो टीव्ही?"

"टीव्ही तर तो लगेच ओळखतो. माणूस बोलताना थांबतो, समोरच्याची वाट बघतो. टीव्ही कुणाची वाट बघत नाही. त्यामुळे त्या घराचा आकडा..." ते अडखळले. "त्या घराचा आकडा जवळजवळ शून्यावर आला असेल."

"म्हणजे ती बाई पोरीसाठी गप्प बसली, आणि ती गप्प बसली म्हणून तुमच्या यंत्रानं पोरीचा धडा आणखी सोपा केला."

"शैला, मी काय करू? मला एका घराचा आकडा बदलता येत नाही. नोकरी जाईल. लोखंडी कपाटात कुणी चकती ठेवली आणि संपर्क तुटला, तर सोबती ते घर अनोळखी धरतो आणि राज्याच्या सरासरीनं चालतो. तेवढं एक सोडलं तर..." बोलता बोलता ते थबकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शैला. नाही हं."

दुसऱ्या दिवशी पद्माचा कानोसा स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या खाली गेला.

पद्मा आधी तयार नव्हती. हळदकुंकू लावलेली वस्तू डब्यात कशी कोंडायची? मी म्हटलं, तांदळातच ठेवतोय की, त्यात काय वाईट? ते तिला पटलं. टीव्ही बंद झाला, मशीन सुरू झालं, आणि पद्माची बडबडही सुरू झाली. ओट्यावरून मला एक अक्षर कळलं नाही, पण आत अखिला हसत होती.

ते हसणं टिकलं नाही. सोबतीनं अखिलाचं घर विसरून तिला सरासरीचे धडे द्यायला सुरुवात केली आणि पोरीची दाणादाण उडाली. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून कागदावर वाचायला लावायची. भिंतीवरचं पत्रक, बिस्किटाचा पुडा, जुनी पुस्तकं, जे हाती लागेल ते. बोट लावलं की सोपं होणारं काहीच नाही. ती चिडायची, पुस्तक भिरकावायची, बाकाखाली शिरून रडायची. मी पण काही गोड बोलणारी नाही. एकदा म्हटलं, "रड, पण ओळ पूर्ण करून रड."

पद्मा भांडायला आली. "बाई, माझा पोरगी हुशार होता. तुमच्या हातात दिला आणि रोज रडत घरी येते! मशीन बरा होता, कधी रडवला नाही!"

"मशीननं तिला फसवलं, पद्माक्का. ती मागे आहे. खूप मागे आहे."

हे मी पहिल्यांदाच तिच्या तोंडावर म्हटलं. पद्माचा चेहरा असा झाला की वाटलं, जीभ हासडून घ्यावी. ती पाठ फिरवून गेली. पण डब्यातून चकती तिनं काढली नाही. उलट शेजारणींना सांगितलं असावं, कारण महिन्याभरात गल्लीतले आणखी बरेच कानोसे डाळी-तांदळाच्या डब्यांत गेले आणि आमच्या शाळेचा शंभर टक्क्यांचा आकडा धाडकन खाली आला. हंचाटे सरांनी कपाळाला हात लावला. मल्लिनाथना पुण्याच्या मुख्य कचेरीतून फोनवर फोन. घरी त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणाले, "आता या घरात मी तोंड उघडायचं की नाही, तेवढं सांग." आणि खरंच उघडेनात. जेवण वाढलं की जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. मला त्यांचाही राग आला, आणि वाईटही वाटलं.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. अखिला थोडक्यात हुकली.

अगदी थोडक्यात. आणखी दोन महिने मिळाले असते तर ती बसली असती त्या यादीत. मी त्या दिवशी वर्गात कुणावरही ओरडले नाही, तेव्हा पोरंच घाबरली.

आठवड्यानं पुण्याहून नेवगी मॅडम आल्या. सोबतीच्या राज्याच्या प्रमुख. बरोबर मल्लिनाथ, मान खाली घालून. पद्माला आणि अखिलाला शाळेत बोलावलं होतं. मला वाटलं, डब्यांवरून आता आमची हजेरी घेणार. पण मॅडम प्रेमळ निघाल्या. तेच तर अवघड असतं, अशी माणसं प्रेमळ असतात.

"निवासी शाळेनं यंदापासून आपली पद्धत घेतली आहे," त्या म्हणाल्या. "घरच्या परिस्थितीचा भार धरून गुण वाढवता येतात. अखिलाच्या घरचे दिवाळीनंतरचे आकडे आमच्याकडे आहेत. घरात मुलीशी बोलणारं कुणी नाही, संवाद जवळपास शून्य. तो भार धरला तर ती आरामात बसते. फक्त चकती पुन्हा भिंतीवर लावा आणि ते आकडे बरोबर आहेत, एवढं आईनं मान्य करावं. उद्या प्रवेश."

अखिलानं ते पद्माला तेलुगूत सांगितलं. 'घरात मुलीशी बोलणारं कुणी नाही' याच्यापाशी ती अडखळली, पण तिनं सांगितलं. पद्मा पदर घट्ट धरून ऐकत होती.

मी भडकले होते. "मॅडम, ही बाई तुमच्याच फोनमुळे गप्प बसली होती!"

"बाई, मला समजतंय. चूक दुरुस्त होईल. पण मुलीची जागा आत्ता आहे. तुमच्या रागापायी ती घालवणार का?"

मॅडमचं चुकत होतं असं कसं म्हणू? तिथं पोटभर जेवण होतं, पलंग होता, पंख्याखाली बसून अभ्यास होता. एका खोट्या आकड्यावर सही केली तर काय बिघडलं? मी असते तर केली असती. मनातल्या मनात म्हटलं, घे पद्माक्का, घेऊन टाक.

पद्मा अखिलाशी काही बोलली. अखिलानं जोरजोरात मान डोलावली. तिला जायचं होतं, ते कळायला तेलुगू यावी लागत नव्हती. मग पद्मा मॅडमकडे वळली.

"तिथं तिला अवघड शिकवतात का?"

"तिथं सगळ्या सोयी आहेत. ताण येऊ देत नाहीत मुलांना."

"ते नाही, मॅडम. अवघड. ते बाई शिकवतात तसा अवघड?"

नेवगी मॅडम हसल्या. म्हणाल्या, "तिथले शिक्षक फार अनुभवी आहेत." पद्मा अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"नाही," मल्लिनाथ म्हणाले. महिन्याभरात मी त्यांचा आवाज इतका स्पष्ट ऐकला नव्हता. "तिथंही सोबतीच आहे. तिच्या घरचे आकडे तिच्यासोबत जातील. तिला झेपेल तेवढंच देतील. आत्ता देत होते तेवढंच."

"बिराजदार!" मॅडम म्हणाल्या.

"विचारलं त्यांनी, मॅडम."

पद्मा उठली. तिनं अखिलाचा हात धरला. "मग नको," ती म्हणाली. "इथं रडते, रडू दे. पण वाचायला लागली की. तिथं हसून हसून तशीच राहील."

अखिला रडत, ओढत, मागे वळून बघत गेली. मॅडमनी मल्लिनाथना बाहेर बोलावलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यातलं प्रकल्पाचं ओळखपत्र नव्हतं. आम्ही दोघं स्कूटरवरून घरी निघालो. मला ओरडावंसं वाटत होतं. पोरीनं जेवण निवडावं का अवघड धडा, हा काय प्रश्न आहे? कुणाच्या पोराला विचारतात असा प्रश्न? जुळे सोलापूर वस्तीतल्या बंगल्यांतल्या पोरांना दोन्ही मिळतं, आणि कुणी त्यांच्या भिंतीला कान लावत नाही. हे सगळं मी मल्लिनाथच्या पाठीमागून मोठमोठ्यानं बोलत होते. ते म्हणाले, "बोल, ऐकतोय मी."

दुसऱ्या दिवशी अखिला वर्गात आली ती माझ्याकडे न बघता. शाळा सुटली, बाकीची पोरं गेली, ती बाकावर बसून राहिली. मला वाटलं होतं, ती आता थांबणारच नाही.

"रागावलीस?" मी विचारलं.

"हो. तुमच्यावर पण, अम्मावर पण." डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत. "तिकडं माझा एकटीचा पलंग होता, बाई."

मी फक्त पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते खसकन ओढून घेतलं, पान उघडलं आणि मोठ्यांदा, माझ्यावरचा सगळा राग त्या ओळींवर काढत वाचायला लागली. तिसऱ्या ओळीत अडली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथंच अडली. तिचं बोट शब्दावर गेलं नाही, तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मला राहवेना. मी पुढे वाकले, तोंड उघडलं.

"सांगू नका," अखिला म्हणाली.